घरी असणे

काम आणि खासगी जीवन ह्यांचा ‘समतोल’ साधावयास हवा, हे वाक्य अलीकडे आपल्या कानांवर इतक्या वेळा पडते की, त्यात काही गृहीत धरलेले असेल अशी शंकाही कोणास येत नाही. समतोल म्हटला की तराजू आला, आणि तराजू आला की दोन पारडी आली. एकात काम, दुसऱ्यात घर. एक जड झाले तर त्यातले चिमूटभर काढून दुसऱ्यात टाकावे, की काटा मध्यावर येतो. वाण्याच्या दुकानात ही रीत ठीक आहे. परंतु तेथेही दोन्ही पारड्यांत एकाच मापाने मोजता येण्याजोग्या वस्तू असाव्या लागतात, आणि मुख्य म्हणजे तराजू धरणारा पारड्याबाहेर उभा असावा लागतो. येथे तर तराजू धरणारा स्वतःच दोन्ही पारड्यांत बसलेला! आजारी आईच्या उशाशी बसून काढलेला अर्धा तास आणि कचेरीच्या हिशेबाचे तक्ते जुळविण्यात गेलेला अर्धा तास घड्याळाच्या लेखी सारखाच. म्हणून एकाची तूट दुसऱ्याने भरून निघते असे समजणाऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाही. तरीही घरी बसून पोटापाण्याचा उद्योग करणाऱ्या माणसांस आज जो उपदेश केला जातो, तो बहुतेक सगळा ह्या तराजूच्या भाषेतच असतो.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, आणि ज्यांचे काम कागद, आकडे व शब्द ह्यांपुरते होते त्यांच्या कचेऱ्या पाहता पाहता त्यांच्या घरी येऊन दाखल झाल्या. पुढे साथ ओसरली. पुष्कळ कचेऱ्यांनी आपली माणसे परत बोलाविली, काहींनी आठवड्यातील ठरावीक दिवसांपुरती बोलाविली, काहींनी बोलाविलीच नाहीत. ह्या बदलाविषयी लिहिले गेले खूप, पण त्यातील मोठा भाग सुतारकामाच्या पातळीवरचा आहे : मेज कोठे मांडावे, खुर्ची कशी असावी, दिवसाचे वेळापत्रक कसे आखावे. सुतारकामास मी कमी लेखीत नाही. वाईट खुर्चीने पाठ धरते हे कोणीही मान्य करील. तथापि मूळ प्रश्न मला सोयीचा वाटत नाही, तो ऋणाचा वाटतो. ‘मी घरी आहे’ असे जेव्हा एखादा मनुष्य म्हणतो, तेव्हा तो कोणाला काय कबूल करीत असतो?

आपल्या पणजोबांना हा प्रश्न ह्या स्वरूपात पडला नसता. ‘प्रपंच’ ह्या एका शब्दात त्यांचे मिळविणेही येई आणि नांदणेही येई. कुलकर्ण्याचे दप्तर त्याच्या घरीच असे. वैद्याची मात्रा त्याच्या स्वतःच्या सहाणेवर उगाळली जाई, पंतोजींची शाळा कोणाच्या तरी ओसरीवर भरे, सोनाराची शेगडी त्याच्या दर्शनी खोलीत पेटे. बेळगावात शहापूर, वडगाव, खासबाग ह्या भागांतील गल्ल्यांतून आजही घराघरांतून मागाचा आवाज ऐकू येतो. हातमागाच्या जागी यंत्रमाग आला एवढेच. घरातील कर्ता मागापाशी, बायका कांड्या भरीत बसलेल्या आणि शाळेतून आलेले पोर त्याच आवाजात पाढे म्हणते आहे, हे चित्र त्या गल्ल्यांना नवे नाही. तेव्हा घरातून काम करण्याचा शोध २०२० साली लागला, असे निदान आपण मराठी माणसांनी म्हणू नये.

मात्र घरात काम असे, ह्याचा अर्थ घर आणि काम एकमेकांत विरघळून जात, असा नव्हे. जुन्या वाड्याची रचनाच पाहावी. परक्याने ओसरीपर्यंत यावे, ओळखीच्याने सोप्यापर्यंत, आणि माजघरात यावे ते घरच्यानेच. एका घराला एक उंबरठा नसून अनेक उंबरठे असत, आणि काम त्यांतील पहिल्या-दुसऱ्याशी अडविलेले असे. ते अडविण्यासाठी घरधन्याला मनोनिग्रह करावा लागत नसे. ऋणको, पक्षकार, रोगी, गिऱ्हाईक ह्या सर्वांनाच कोठे थांबावयाचे ते ठाऊक असे. मर्यादा माणसाच्या मनात नव्हती, ती गावाच्या मनात होती. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो आणि पुढील विवेचनाचा भार मी त्यावरच टाकणार आहे.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मोह येथेच आवरावयास हवा. ज्यांच्या घराला ओसरीच नव्हती, त्यांचे काय? बेळगाव जिल्ह्यातच निपाणी हे तंबाखूचे मोठे ठिकाण. तेथील विडी वळणाऱ्या बायकांचे घर हाच कारखाना. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कापलेली पाने आणि दोरा; पाने आदल्या रात्री भिजवून ठेवावयाची, सकाळी चूल पेटविण्याआधी थोड्या वळावयाच्या, पोर पाजताना थोड्या, शेजारीण बोलावयास आली की बोलता बोलता थोड्या. मजुरी हजारावर. ज्याला मजुरी हजारावर मिळते त्याला रिकामा क्षण हा न वळलेल्या विड्यांसारखा दिसू लागतो. कारखान्यात निदान भोंगा होतो. घरी काम करणाऱ्यास कोणी डांबून ठेवीत नाही हे खरे, पण त्याला ‘आता ऊठ’ असे म्हणणाराही कोणी नसतो. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या बाईस कामगाराच्या व्याख्येत घेतले, आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने गृहकामाविषयीचा ठराव केला तो १९९६ साली. म्हणजे आज लॅपटॉपपुढे बसणाऱ्या पदवीधरास जो प्रश्न अगदी अपूर्व वाटतो, तो निपाणीच्या बाईपुढे दोन-तीन पिढ्या आधीच उभा होता. तिला कोणी ‘समतोल साधा’ असे सांगितले नाही. कदाचित तिच्या वेळेला काही मोल असेल, असे कोणास वाटले नसावे.

विसाव्याचा हक्क कोणाला कसा मिळाला, हा इतिहास ह्या संदर्भात पाहण्यासारखा आहे. कर्नाटक सीमेवरील अनेक खेड्यांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. तो नंदीचा वार. पोळ्याला बैल जुंपीत नाहीत, खंडेनवमीला हत्यारे-अवजारे पूजेला मांडतात. ह्या दिवशी काम करावे की नाही, हा निर्णय एकट्या शेतकऱ्याकडे सोपविलेला नसतो. त्याचे काम अडले असेल, पाऊस तोंडावर आला असेल, तरी सोमवारी तो नांगर धरीत नाही, कारण शेजारीही धरीत नाही. बैलाला हा जो वार मिळाला, तो मुंबईच्या गिरणी कामगाराला मिळावयास मात्र १८९० साल उजाडावे लागले. तोवर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणी, आणि आठवड्याचा म्हणून ठरलेला एकही दिवस मोकळा नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी सभा भरविल्या, अर्ज केले, कामगारांच्या सह्या गोळा केल्या. गिरणीमालक संघाने रविवारची सुटी मान्य केली तेव्हा त्या चळवळीला अर्धे तप उलटून गेले होते. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो मागितला, असे सांगतात. तसे असेल तर त्यात मोठी समज होती. देवाचा वार असला म्हणजे मालकाशी दर आठवड्यास नव्याने घासाघीस करावी लागत नाही. लोखंड्यांनी कामगारांना असा उपदेश केला नाही की, बाबांनो, मन आवरा आणि रविवारी घरी राहा. एकट्याने घरी राहिलेल्याची रोजी गेली असती आणि पुढे नोकरीही.

गिरणी आणि कचेरी ह्यांनी घर आणि काम ह्यांच्यामध्ये भिंत घातली. ती भिंत पुष्कळांना जाचक वाटली; पण तिने एक नवा उंबरठाही दिला, तो म्हणजे जाण्यायेण्याची वाट. जन्माने गोमंतकीय असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेत डेक्कन क्वीनने जात-येत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. गणिती माणसाचे सोडा, पण सामान्य कारकुनालाही गाडीतला तो तास-दीड तास ना घरचा ना कचेरीचा असा मिळे. कोणी त्यात भजन म्हणे, कोणी पत्ते खेळे, कोणी डुलकी काढी. साहेबाने टाकून बोललेला शब्द वाटेत थोडा निवे, आणि मनुष्य घराच्या दारात पोचेपर्यंत निदान अर्धा माणसात आलेला असे. (बायकांच्या डब्यात मात्र त्याच वेळी भाजी निवडली जाई. तो उंबरठाही सर्वांना सारखा लाभला नाही, हे तेथेच दिसते.) त्या गर्दीचे दुःख मी नाकारीत नाही. पण प्रवास वाचला म्हणून आनंद मानणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे की, त्याबरोबर मन पालटावयास मिळणारा वेळही गेला. आता कचेरीतून घरी येण्यास एक क्षण लागतो : लॅपटॉप मिटावयाचा. साहेबाचा शब्द गरम असतानाच पानावर बसावे लागते.

आजच्या घरातील अडचण नेमकी कोठे आहे, ते एका साध्या उदाहरणाने सांगतो. हैदराबादेत वा इंदुरात बसून अमेरिकेतील ग्राहकाचे काम करणारे आपल्यापैकी पुष्कळजण आहेत. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, हिवाळ्यात साडेसात. म्हणजे तिकडची कचेरी उघडते ती आपल्या दिवेलागणीच्या वेळी. मराठी घराच्या दिवसात दिवेलागण ही साधी वेळ नव्हे. देवापुढे निरांजन लागते, बाहेर गेलेली माणसे परततात, मुलांचे शुभंकरोती होते, म्हातारी माणसे कोणी बोलावयास येईल म्हणून जरा सावरून बसतात. देवाधर्मावर विश्वास नसलेल्या घरातही त्या वेळेला घराचे म्हणून एकत्र येणे असते. नेमक्या त्याच वेळी घरातील कर्ता मुलगा, किंवा सून, दार लावून घेते, कानांना यंत्र लावते आणि दूरदेशीच्या सकाळी हजर होते.

ह्यात वाईट काय, असे कोणी विचारील. रात्रपाळी पूर्वीही होती. रेल्वेचा गार्ड, इस्पितळातील परिचारिका, छापखान्यातील जुळारी ह्यांनाही दिवेलागण लाभत नसे. खरे आहे. पण ते घरी नसत. ते नाहीत हे घराला ठाऊक असे, आणि त्यांच्या नसण्यात एक सरळपणा होता. ‘बाबा कामावर गेले’ हे वाक्य तीन वर्षांच्या पोराला कळते. ते थोडे रडते आणि खेळावयास लागते. ‘बाबा आत आहेत, पण नाहीत’ हे वाक्य त्याला कळत नाही. त्याला ते का कळावे? ते दाराशी जाते, दार ढकलून पाहते, आतून आवाज ऐकते. तो आवाज बाबांचाच असतो; पण बोलतो आहे दुसऱ्याच कोणाशी, आणि असा गोड, जसा घरात क्वचित ऐकू येतो. दारापाशी उभ्या असलेल्या त्या पोराच्या मनात जे घडते त्याला ‘समतोल बिघडला’ हे नाव फार गुळगुळीत आहे. त्याला कोणीतरी काहीतरी कबूल केले होते आणि ते पाळले नाही, एवढेच त्याच्या दृष्टीने झाले आहे.

गैरहजेरीला एक प्रामाणिकपणा असू शकतो आणि हजेरीला एक खोटेपणा, हे मला ह्या सर्व प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते. घरी असणे म्हणजे घराच्या चार भिंतींत देह ठेवणे नव्हे. घरी असणे ही हाक मारली असता ओ देण्याची कबुली आहे. ती कबुली काही वेळ मागे घेण्यास हरकत नाही, मात्र ती मागे घेतल्याचे सांगून मागे घ्यावी. घरातून काम करणारा बहुधा ती मागे घेतही नाही आणि पाळीतही नाही. तो जेवणाच्या पानावर बसतो आणि मांडीवर मोबाईल ठेवतो. म्हाताऱ्या वडिलांच्या बोलण्याला ‘हं’ म्हणतो. तो ‘हं’ कोणत्या वाक्याला होता हे त्याला विचारले तर सांगता येत नाही. कचेरीलाही असाच अर्धा माणूस मिळतो, आणि कचेरी ते ताबडतोब ओळखते. तिच्याजवळ ओळखण्याची साधने आहेत. घराजवळ ती नाहीत. घर पुष्कळ दिवस सोसते, आणि मग एके दिवशी हाक मारावयाचे सोडून देते. त्या दिवशी घरात जी शांतता पसरते, तिला कित्येक लोक सुख समजतात.

आता ह्या विषयाची दुसरी बाजू. ‘घरून काम’ हा शब्दप्रयोग नवा आहे. घरातले काम मात्र जुनेच आहे, आणि ते कोण करीत होते ह्याचे आकडेही आपल्याजवळ आहेत. केंद्र सरकारने २०१९ साली, म्हणजे साथीच्या अगदी आधी, लोकांच्या वेळेच्या विनियोगाची देशव्यापी पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दिवसातून काही ना काही बिनमोल घरकाम करीत होत्या, आणि त्या करणाऱ्यांचा सरासरी वेळ २९९ मिनिटे होता. पुरुषांपैकी घरकामाला हात लावणारे २६.१ टक्के, आणि त्यांचा वेळ ९७ मिनिटे. जवळजवळ पाच तास एका बाजूस. दुसऱ्या बाजूस, चारांपैकी एकाचे दीड-पावणेदोन तास. ह्या घरात २०२० साली कचेरी आली तेव्हा ती पुरुषासाठी घराच्या शांत भागात बसली आणि स्त्रीसाठी स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी. ज्या घरी दोघेही नोकरी करणारी, तेथे दार असलेली खोली कोणाला मिळाली, हे वाचकांनी आपापल्या परिचयातील घरे आठवून पाहावे. मला स्वतःला ह्याला अपवाद असलेली घरे माहीत आहेत. ती बोटांवर मोजता येतात, म्हणून तर लक्षात राहिली.

जिच्यासाठी घर हे कधीच विसाव्याचे ठिकाण नव्हते, तिला ‘काम घरात शिरले’ ही तक्रार काहीशी विनोदी वाटली तर तिला दोष देता येणार नाही. तिच्या घरात काम शिरलेलेच होते; फक्त त्याला काम म्हणत नव्हते. वाड्यातील त्या अनेक उंबरठ्यांचे मघाशी मी कौतुक केले, पण माजघरातील बाईला उठून जाण्यासाठी स्वतःची अशी ओसरी वाड्याने दिली नव्हती, हेही त्याच्याच शेजारी लिहून ठेविले पाहिजे. घरून काम करण्याची मुभा मिळाली म्हणून स्त्रियांना नोकरी टिकविता आली, असे म्हणतात आणि ते पुष्कळ अंशी खरे आहे. परंतु त्या मुभेची किंमत तिने दोन पाळ्या एकाच जागी, एकाच वेळी करून चुकवावयाची, असा मूक करार त्या घरात झालेला असतो. तो करार कोणी वाचून दाखविलेला नसतो, म्हणून त्याविरुद्ध बोलताही येत नाही.

इतके म्हटल्यावर, घरून काम करणे हे अनिष्टच आहे असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढू नये. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांस तर हे सांगावयास नकोच. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, बेळगाव ह्या शहरांतील जुन्या मराठी घरांतून मुले शिकली आणि पुण्या-मुंबईस, बंगळुरास किंवा त्याहून दूर गेली. मागे दुमजली घर, वरची बंद खोली, आणि खाली दोन म्हातारी माणसे. २०२० साली ती वरची खोली पुष्कळ घरांत उघडली. मुलगा-सून वर्ष-दीड वर्ष येऊन राहिली. आजोबांना नातवंडांची मराठी आणि नातवंडांना आजोबांची मराठी ऐकावयास मिळाली. शिंदे-होळकरांच्या काळापासून नांदत आलेल्या ह्या वस्त्यांत भाषा टिकते ती घरात बोलली जाते म्हणून, आणि घरात बोलावयास दोन पिढ्या तरी लागतात. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची सेवा, अपंग मुलाची शाळा, स्वतःचा अधूपणा ह्यांमुळे ज्यांना कचेरीचे दार बंदच होते, त्यांच्यासाठी घरातून काम ही चैन नव्हती. तीच त्यांची रोजी होती. हा लाभ खरा आहे. म्हणूनच त्या वरच्या खोलीचे दार दिवसभर लावलेले राहिले आणि आजी खालच्या पायरीशी चहा घेऊन ‘आता गेले तर चालेल का?’ असे सुनेस विचारीत राहिली, ह्याचे वाईट अधिक वाटते.

होळकरांचा उल्लेख आलाच आहे, तर ‘खासगी’ ह्या शब्दाविषयी थोडे सांगण्यासारखे आहे. आज आपण खासगी म्हणजे कोणी विचारू नये असे, एकट्याचे, असा अर्थ घेतो. होळकरशाहीत खासगी ही एक हिशेबाची बाजू होती. १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई ह्यांच्या नावे पेशव्यांनी खासगीची वेगळी जहागीर करून दिली. राज्याचा वसूल ती दौलत, ही खासगी. एकीचा पैसा दुसरीत मिसळावयाचा नाही. पुढे ती खासगी अहिल्याबाईंकडे आली. देशभर त्यांनी घाट, देवळे, धर्मशाळा बांधल्या, त्यांचा खर्च त्यांनी खासगीतून केला, दौलतीतून नव्हे, ही त्यांच्या कारभाराची ख्याती आहे.

अहिल्याबाई म्हणजे, आजच्या भाषेत बोलावयाचे तर, घरातून काम करणाऱ्या होत्या. महेश्वरच्या वाड्यातच त्यांचे राहणे, तेथेच पूजा, तेथेच दरबार. त्यांच्या पश्चात काही वर्षांनी माळव्यात आलेल्या जॉन माल्कमने त्यांची दिनचर्या विचारपूस करून नोंदवून ठेविली आहे : पहाटेस उठणे, पूजा, श्रवण, दानधर्म, भोजन, थोडी विश्रांती, मग दुपारी सुमारे दोन वाजता दरबारात, तेथे साधारण सहापर्यंत, नंतर दोन-तीन तास पूजा आणि अल्प आहार, पुन्हा नऊच्या सुमारास काम, ते अकरापर्यंत. दिवेलागणीचे ते तास मध्ये मोकळे ठेविले आहेत, हे पाहण्यासारखे आहे. त्यांचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात गेले होते, पुत्र मालेराव १७६७ साली गेला होता. संध्याकाळी घरात वाट पाहणारे असे फारसे कोणी उरले नव्हते. तरी राज्याचा कारभार सहा वाजता उठे आणि नऊपर्यंत थांबे. माळव्यातील कारभारी, वकील, फिर्यादी सर्वांनाच ती वेळ ठाऊक असली पाहिजे. नाहीतर ती पाळली गेलीच नसती.

भिंत नसतानाही हिशेब वेगळे ठेविता येतात, हे ह्यावरून दिसते; पण ते एकट्याने ठेवून भागत नाही. आजच्या नोकरदारास ‘स्वतःला मर्यादा घाला’ असे सांगणे म्हणजे १८९० पूर्वीच्या गिरणी कामगाराला आपण होऊन रविवार पाळ असे सांगणे होय. काही देशांनी हे ओळखले. फ्रान्समध्ये २०१७ च्या आरंभापासून पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या व्यवसायांना, कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून मुक्त राहण्याच्या हक्काविषयी नोकरांशी वाटाघाटी करणे बंधनकारक झाले. पोर्तुगालने २०२१ साली त्याही पुढे जाऊन, कामाच्या वेळेनंतर नोकरास गाठू नये, ही जबाबदारी मालकावर टाकली. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे ह्यांनी ह्या हक्काचे विधेयक २०१८ साली मांडले आणि पुन्हा २०२५ साली मांडले. खासगी सदस्याच्या विधेयकाचे कायद्यात रूपांतर होणे आपल्याकडे किती दुर्मीळ आहे, हे सर्वांना माहीत आहे. तरीही प्रश्न तेथे उच्चारला गेला हे मला कमी वाटत नाही. लोखंड्यांचे पहिले अर्जही दप्तरातच पडून राहिले होते.

कायद्याचा हात कोठे पोचत नाही, हेही खरे. भाषांतरे करणारा, घरी शिकवण्या घेणारी, हिशेबनीस, चित्रकार, आपल्यासारख्या मासिकांतून लिहिणारा, ह्यांचा मालक त्यांच्याच अंगरख्यात असतो. निपाणीच्या बाईची हजारावरची मजुरी त्यांनी स्वेच्छेने स्वीकारली आहे. त्यांच्या बाबतीत फिर्याद कोणाविरुद्ध करावयाची? मला वाटते, तेथे घरच्यांस काही अधिकार द्यावा लागेल. कचेरीत कामाचे तास ठरविताना मालक आणि नोकर बसतात. घरात भरणाऱ्या कचेरीचे तास ठरविताना, जे त्या घरात राहतात त्यांना विचारले जात नाही. दार कोणत्या वेळी लागावे आणि कोणत्या वेळी लागू नये, हे आजीला, बायकोला, कळत्या मुलाला विचारून ठरविलेले घर मी पाहिले आहे. तेथील वेळापत्रक कचेरीच्या दृष्टीने गैरसोयीचे होते, आणि त्या गृहस्थाला एक चांगले काम त्यापायी सोडावे लागले. पण दार लागले असताना त्या घरात कोणी ते ढकलीत नसे, आणि उघडले की तो खरोखर बाहेर येत असे.

शेवटी गोव्याकडे वळतो, कारण काम कोठे थांबवावे हे सबंध समाजाने मिळून ठरविल्याचे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे आजही थोडेफार शिल्लक आहे, ते तेथे. पणजी, मडगाव, म्हापसा येथील जुन्या बाजारपेठांत दुपारी एकच्या सुमारास दुकानांच्या फळ्या लागतात, त्या साडेतीनच्या आगेमागे निघतात. बाहेरून आलेला मनुष्य चिडतो आणि त्याला आळस म्हणतो. ‘सुशेगाद’ ह्या शब्दाचा पर्यटनाच्या जाहिरातींनी असाच विचका केला. पोर्तुगीजातून आलेल्या त्या शब्दात निवांतपणा आहे, ऐदीपणा नाही. पहाटे शेतात वा रापणीवर जाऊन आलेल्या माणसाचा तो निवांतपणा होता. दुकानदार दुपारी झोपू शकतो, कारण शेजारचा दुकानदारही झोपलेला असतो आणि गिऱ्हाईकही आपल्या घरी पडलेले असते.

२०२० नंतर आसगाव, शिवोली ह्या बाजूच्या गावांत दिल्ली-मुंबई-बंगळूरची पुष्कळ मंडळी लॅपटॉप घेऊन राहावयास आली. ती ह्या निवांतपणासाठीच आली, पण घड्याळ मात्र आपले बरोबर घेऊन आली. त्याविषयी गोवेकरांत जी चर्चा चालते, ती बहुधा जमिनीच्या किमतींची असते. परंतु आता गोव्याचा मुलगाही मडगावच्या आपल्या घरी बसून बंगळूरची नोकरी करतो. दुपारी दोन वाजता गल्ली निजलेली असते, आई आतल्या खोलीत कलंडलेली असते, आणि तिची झोप मोडू नये म्हणून तो बलकांवात जाऊन हलक्या आवाजात मीटिंगमध्ये बोलतो. ज्या बलकांवात बसून त्याच्या आजोबांनी येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी केली, तेथे तो बसलेला दिसतो, म्हणून जाणारा हात वर करतो. तोही करतो, पण पडद्याकडे पाहत. संध्याकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवीत फाटकाशी येऊन थांबतो. उंडे आणि पोय घ्यावयास कोणीतरी फाटकापर्यंत जावेच लागते, आणि बंगळूरची मीटिंग अजून संपलेली नसते.